जुन्या वाड्याचं सागवान सांगून ४ लाख ८५ हजार घेतले, गोठा अजून जोत्यावरच

मंडळी, हे लिहू की नको यातच कित्येक महिने गेले. घरात वडिलांसमोर अजून मान वर करून बोलता येत नाही, मग चारचौघांत कुठे सांगणार. पण गेल्या आठवड्यात बाजूच्या तालुक्यातून एकाचा फोन आला, म्हणे तुमचा लाकडी गोठा अमुकने बांधला ना, काम कसं आहे, तो तुमच्या जागेचे फोटो दाखवतोय. म्हणजे माझ्याच जोत्याचे आणि माझ्याच खांबांचे फोटो दाखवून हा माणूस पुढचं गिऱ्हाईक पकडतोय. डोकं फिरलं. म्हणून लिहितोय, आणि रागातच लिहितोय.

आमचं गाव सिंधुदुर्गात. आजोबांच्या वेळचा गोठा होता, २०२१ च्या तौक्ते वादळात त्याचं आढं मोडलं आणि अर्धी कौलं खाली आली. चार वर्षं ताडपत्री आणि जुन्या पत्र्यांवर ढकलली. सगळे सांगत होते लोखंडी चॅनेल उभे कर, वर पत्रा टाक, मोकळा हो. पण मे महिन्यात पत्र्याखाली बांधलेलं जनावर कसं धापा टाकतं ते ज्याने बघितलंय त्याला विचारा. आणि वडिलांची इच्छा होती की होता तसाच व्हावा, चिऱ्याचं जोतं, लाकडी खांब, तुळया, वासे, रिपा, मंगलोरी कौलं आणि वर गवताला माळा. याला कोणी हौस म्हणेल, पण स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या पैशाने गोठा बांधणं ही काय चूक नव्हती. फसवणारा चुकीचा होता, इच्छा नाही.

हा माणूस फोनवरच्या व्हिडिओतून सापडला. घाटावरचे पडके वाडे विकत घेतो, त्यांचं जुनं सागवान काढतो आणि त्यातून घरं, गोठे, पडव्या उभ्या करून देतो असं सांगायचा. नाव लिहित नाही, वकिलांनी मना केलंय. घरी आला, चहा घेतला, वडिलांच्या पाया पडला. बोलणं इतकं माहितीचं की संशय यायला जागाच नाही. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत शेतातल्या इमारतीत गुरांचा निवारा, अवजारं आणि पिकाची साठवण धरतात असं त्याने सांगितलं, मी नंतर तपासलं तर ते खरंच तसं आहे. हीच तर गोम आहे. चार गोष्टी खऱ्या सांगायच्या म्हणजे पाचवी खोटी पचते.

सगळ्याचे मिळून ७ लाख ४० हजार ठरले. २०२५ च्या ९ मार्चला टोकन २५,०००. २८ मार्चला लाकडाचा अॅडव्हान्स १,८५,०००. मग महिनाभर नुसते फोटो, वाड्याची तुळई उतरवतानाचा फोटो, ट्रॅक्टरवर चढवलेल्या खांबांचा फोटो. ते फोटो कुठले होते देव जाणे. ६ मेला माल आला, त्याच संध्याकाळी वाहतूक आणि टीपी, म्हणजे लाकूड नेण्याचा वनखात्याचा पास, म्हणून ४०,०००. ८ मेला लाकडाचे उरलेले १,६०,०००. १५ मेला कौलं आणि सुतारांसाठी ७५,०००. बेरीज ४,८५,०००. कौल एक आलं नाही, सुतार एक आला नाही.

आता ७ मेची सकाळ. ही सकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. खांब अंगणात ओळीने ठेवलेले, वर रस्त्याची लाल धूळ. मी ओलं फडकं घेऊन एक खांब पुसला. पांढरं फडकं होतं, जुन्या बनियनचं. दोनदा फिरवलं आणि उलटून बघितलं तर त्यावर लाल धूळ नव्हती, गर्द तपकिरी रंग होता, पॉलिशसारखा, बोटांना पण लागलेला. मी तिथेच उभा राहिलो. मनात आलं, लाकडाचा रंग कसा सुटेल? फोन लावला तर तो म्हणाला, "दादा, जुनं लाकूड आहे, वाळवीचं औषध मारून आणलंय, सागाचं तेल पण सुटतं, चार दिवसांत बसेल." आणि मी गप्प बसलो. फडकं अंगणातल्या तारेवर वाळत घातलं आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन १ लाख ६० हजार पाठवले.

का पाठवले? कारण तोवर २ लाख ५० हजार त्याच्याकडे गेलेले होते, माल अंगणात पडलेला होता आणि पाऊस तोंडावर होता. अशा वेळी संशय घ्यायचा म्हणजे आपणच आधी मूर्खपणा केला हे कबूल करायचं, ते होत नाही माणसाकडून. कोणी सांगू नये की आम्ही असतो तर थांबलो असतो.

आणि दिसायला सगळंच दिसत होतं. वाड्यातून काढलेलं लाकूड कधी कोरं असतं का? त्याला जुन्या कुसवांच्या, म्हणजे सांध्यांच्या, खाचा असतात, खिळ्यांची गंजलेली भोकं असतात, चुलीच्या धुराने एक बाजू काळी पडलेली असते. माझे बाराच्या बारा खांब चारी बाजूंनी सरळ, मशीनवर कापलेले. सागाला वास असतो, हात फिरवला की तेलकट लागतो, इथे फक्त रंगाचा वास. त्याने दिलेल्या मालाच्या चिठ्ठीवर १४० घनफूट लिहिलेलं. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण १८ किलो भरतं, म्हणजे माल अडीच टनांच्या आसपास पाहिजे, आणि तो आला होता एका छोट्या पिकअपमधून, एकाच फेरीत, टायर पण दबलेले नव्हते. काट्याची पावती मागायला हवी होती. लाकूड घ्याल तेव्हा वजनकाट्यावरून गाडी न्या, तीन-चारशे रुपये जातील, जाऊ देत.

टेप तर घरातच होती. चिठ्ठीवर खांब १० फूट लांब आणि ८ बाय ८ इंच. मी जूनमध्ये मोजले तर साडेसहा बाय साडेसहा. हिशोब सोपा आहे, फूट गुणिले इंच गुणिले इंच भागिले १४४. म्हणजे लिहिलेला खांब ४.४४ घनफूट आणि आलेला २.९३. बारा खांबांत १८ घनफुटांवर तूट, घनफुटाला २,४०० च्या दराने फक्त खांबांमध्येच ४३,५०० रुपये. तुळया आणि वासे अजून धरलेच नाहीत. आणि कोणी गोल ओंडके विकत असेल तर घेर चार ने भागून मोजतोय की आणखी कशाने ते आधी ठरवून कागदावर घ्या, तिथे वेगळीच गडबड करतात.

२५ मेला मान्सून तळकोकणात आला, इतका लवकर येईल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ताडपत्रीच्या कडेने पाणी आत गेलं आणि दोन दिवसांत चिऱ्याच्या जोत्यावर तपकिरी ओघळ. खांबांच्या बुडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखी पूड. तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी काही न बोलता पटाशीने एका खांबाचा कोपरा तासला. वरची पातळ तपकिरी साल गेली आणि आत फिकट पिवळट लाकूड. म्हणाले, "ह्या लाकूड सागाचा न्हय रे. आकेशिया आसा." वासे मात्र सागाचेच होते, पण कोवळ्या झाडांचे, सगळं बाहेरचं पांढरं लाकूड, गाभा नावाला. त्याला कीड लागणारच. काकांना मी आधी बोलावलं असतं तर ५०० रुपये गेले असते. अॅडव्हान्स देण्याआधी आपला सुतार सोबत न्या, आणि रंधा मारल्याशिवाय, कोपरा तासल्याशिवाय माल उतरवून घेऊ नका. जो तासू देत नाही तो चोर समजा.

त्या दिवसापासून त्याचा फोन बंद. पैसे ज्या खात्यांवर गेले त्यातली दोन त्याच्या नावाची नव्हतीच, एक बायकोचं म्हणाला होता, एक मेहुण्याचं. पक्कं बिल नाही, जीएसटी नाही, करार नाही. ५०० च्या स्टॅम्पवर दोन पानं लिहून घ्यायला माझं काय जात होतं? पण वडिलांच्या पाया पडलेल्या माणसाकडे कागद मागायला जीभ रेटली नाही.

आता सरकारी दारांचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी तीन तास बसवलं आणि सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः दिलेत, माल पण आलाय, मग हा दिवाणी मामला आहे. मी म्हटलं साग सांगून दुसरंच लाकूड रंगवून दिलं, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? तर म्हणे तो राहतो घाटावर, तिकडे जाऊन तक्रार द्या. तिकडे गेलो तर म्हणाले घटना तुमच्याकडे घडली, इकडे कशाला आलात. हद्दीचं कारण सांगून तक्रार परत पाठवता येत नाही, नव्या कायद्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवणं, लिहिलेला आहे, हे मला वकिलांनी सांगितलं तोवर माझे अकरा हेलपाटे झाले होते. शेवटी पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला तेव्हा कुठे पोच मिळाली, गुन्हा अजून नाहीच. तोंडी काही सांगू नका, लेखी द्या, शिक्क्याची पोच घ्या. ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तोही १९ दिवसांनी, तोवर खात्यात काय राहतंय. फोनवरून पैसे गेले असतील तर पहिल्या तासात लावा.

आणि वनखातं! मी तिथे फसवला गेलेला माणूस म्हणून गेलो, आणि मलाच विचारलं, माल तुमच्या आवारात आहे, पास कुठे आहे? पास म्हणून त्याने दिलेली झेरॉक्स दाखवली. ती २०२२ ची, गाडी नंबर वेगळा आणि मालाचा प्रकार जळाऊ. आधी हाच माणूस म्हणाला होता जुन्या लाकडाला टीपी लागत नाही, आणि नंतर टीपीचेच पैसे घेतले, दोन्ही वाक्यं मी ऐकली आणि जोडून बघितली नाहीत. १९२७ च्या वन अधिनियमाचं कलम ६९ वाचा, वनउपजाबाबत वाद आला की उलट सिद्ध होईपर्यंत तो माल सरकारी धरला जातो. म्हणजे पैसे माझे गेले आणि सिद्ध पण मीच करायचं. चार वेळा जबाब दिला, एकदाही कोणी त्याला बोलावलं नाही. लाकूड घेताना मूळ पास बघा, गाडी नंबर आणि तारीख जुळवा, आणि शंका असेल तर पैसे देण्याआधी तो कागद घेऊन वनक्षेत्रपाल कार्यालयात जा. वनविभागाच्या डेपोत लिलाव होतात, तिथला माल वनखात्याच्या हातोड्याची खूण मारलेला आणि कागदासकट मिळतो.

थोडी धुगधुगी मिळाली ती जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, घाटावर जावं लागत नाही, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. दोन वर्षांच्या आत करा. तारखा पडतात, तो येत नाही, नोटीस "पत्ता सापडला नाही" म्हणून परत येते, आणि फोटो दाखवायला मात्र तो गावोगाव फिरतोय. म्हणून कोणी पडक्या वाड्याचं सागवान म्हणून फोटो पाठवला तर वाडा कुठल्या गावातला ते विचारा आणि स्वतः जाऊन बघा. माल न बघता रुपया देऊ नका, बघितल्यावर पण निम्म्याच्या वर देऊ नका.

गाय आणि दोन म्हशी सध्या चुलत्यांच्या गोठ्यात आहेत. वडील संध्याकाळी तिकडे जाऊन वैरण घालून येतात, येताना जोत्याकडे बघत नाहीत. ते फडकं मी टाकलेलं नाही. ठाण्यात ते घेतलंच नव्हतं, म्हणाले याची गरज नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर ७ मे २०२५ तारीख लिहून, तासलेल्या कोपऱ्याच्या तुकड्यासकट आयोगात पुढच्या तारखेला देणार आहे.