बागेतला सॉना: तयार बॅरल घ्यावं का सुताराकडून खोली बांधून घ्यावी?

सोलापुरात सॉना (भट्टीवर दगड तापवून गरम केलेली, घाम काढत बसायची लाकडी खोली) करायचाय म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग सगळे बोलतात तेच बोलतो, की मे महिन्यात दुपारी सात रस्ता चौकात उभं राहा, फुकटात सॉना. ठीक आहे, झालं बोलून. ज्यांना तरीपण करायचाच आहे आणि बॅरल (आडव्या पिंपासारखा, किटमधून उभा होणारा लाकडी सॉना) का खोली इथं येऊन गाडी अडलीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्याकडे सॉनाचा सीझन म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यातही गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आसपासच्या रात्री एक नंबर, आणि वर पावसाळ्यातल्या काही संध्याकाळी. बाकीचे सात-आठ महिने ती वस्तू नुसती उन्हात उभी असते. हे डोक्यात ठेवा, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं त्याच्यावरच आहे.

माझी खोली आहे, सोरेगावच्या पुढं प्लॉटवर. मेव्हण्याकडे बॅरल आहे, जुळे सोलापुरात बंगल्याच्या मागच्या बाजूला. दोन्हीत भरपूर बसून झालंय, आणि मी खोली बांधायच्या आधी त्याच्या बॅरलमध्ये आख्खा सीझन काढलाय, त्यामुळं निदान ऐकीव तरी सांगत नाहीये.

आधी बॅरलचं चांगलं ते सांगतो. दिसायला तोड नाही. गेट उघडून आत येणारा माणूस आधी तिकडं जातो, हात लावून बघतो, फोटो काढतो. किट सुटं येतं, खाली बेस तयार असेल तर दोन-तीन माणसं एक-दोन दिवसात उभं करतात, सुताराच्या मागं लागायची भानगड नाही. आणि आतली जागा कमी, कोपरे नाहीत, त्यामुळं तापतं पटकन. माझी खोली तापेपर्यंत माझा चहा होतो, पेपर होतो, त्याचं तेवढ्यात बसून बाहेर पण येऊन होतं. घाईच्या माणसाला हे मोठंच आहे, नाही म्हणत नाही.

आता पट्ट्यांचं सांगतो.

बॅरलला खिळे जवळपास नसतातच. फळ्या एकमेकीच्या खाचेत बसवतात आणि बाहेरून स्टीलचे पट्टे आवळतात, बास. फळ्यांत थोडी ओल राहते, त्या फुगलेल्या असतात, म्हणून सांधे घट्ट बसतात. थंड दमट देशात हे मस्त चालतं, कारण तिकडं हवेतच ओलावा असतो आणि लोक वर्षभर आठवड्याला दोन-तीनदा सॉना लावतात, पाणी मारतात, वाफ होते, लाकूड कधी पूर्ण सुकतच नाही. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर आत कोणी पाय ठेवत नाही आणि बाहेर चाळीसच्या वर, कोरडं ठणठणीत ऊन, ते पण तीन महिने सलग. फळ्या आक्रसतात आणि पट्टे सैल होतात. मेव्हण्याच्या बॅरलमध्ये मेच्या शेवटाला दार लावून आत उभं राहिलं तर वरच्या अंगाला उजेडाच्या रेघा दिसतात, दोन-तीन ठिकाणी तर रुपयाचं नाणं उभं सरकवलं तर आत जाईल एवढ्या. बाकाखाली मुंग्यांनी रस्ता केलेला असतो तो वेगळाच.

मग पाना घेऊन पट्टे आवळायचे. एकट्यानं होत नाही, एकानं पट्टा धरायचा, दुसऱ्यानं बोल्ट फिरवायचा, आणि पट्टा उन्हानं इतका तापलेला असतो की हात लावायचा तर सकाळी सातच्या आत. 'दाजी, येताय का जरा' असा फोन आला की मी समजून जातो. हे एकदा करून सुटत नाही. पाऊस लागला की त्याच फळ्या पाणी पिऊन फुगतात, आणि मेमध्ये जास्त आवळलं असेल तर आता ताण येऊन एखादी फळी वर उचलते, म्हणजे परत सैल करायचं. आणि ह्या सगळ्यात आपला पाऊस असला की जून-जुलैत नुसता भुरभुर आणि सप्टेंबरात एका रात्रीत धो धो. भुरभुरीत फळ्या पुरत्या फुगलेल्या नसतात, वरून एकदम पाणी आलं की सांध्यातून थेट बाकावर. मेव्हण्यानं शेवटी वर पत्र्याची शेड मारली. गळणं थांबलं, उन्हाचा मारा पण कमी झाला, फक्त ज्या दिसण्यासाठी ते बॅरल घेतलं होतं ते दिसणं पत्र्याखाली गेलं. तो म्हणतो काय फरक पडत नाही, आणि खरंच त्याला पडत नाही, मनानं थंड माणूस आहे. मला मात्र तो पाना बघूनच ठरलं की आपली खोलीच.

दुसरं एक आहे, पण ते इतकं टोचणारं नाही. सॉना मनापासून करणारे लोक सांगतात की बसल्यावर तुमचे पाय भट्टीतल्या दगडांच्या वर पाहिजेत, कारण गरम हवा सगळी वर जमते आणि दगडांच्या खाली गारवाच राहतो. त्यासाठी बाक उंच लागतो, छतापासून चारेक फूट खाली, आणि त्याच्या खाली पाय टेकायला अजून एक बाक. सहा-सात फुटी गोल बॅरलमध्ये ही उंची कुठून काढणार. त्यामुळं डोकं भाजतंय आणि तळपाय गार, असं होतं. काही जणांना हे जाणवत पण नाही. फिनलंडमध्ये, जिथं माणसं साधारण ५५ लाख आणि सॉना ३० लाखांच्या आसपास असं म्हणतात, आणि ज्यांची सॉना संस्कृती युनेस्कोनं २०२० साली वारशाच्या यादीत घेतली, तिथं घरोघरी बघाल तर बहुतेक करून साधी चौकोनी खोलीच दिसते.

खोलीचं वाईट काय, तर सुतार. आपला सुतार दरवाजे, पलंग, देव्हारा झकास करेल पण सॉना त्यानं बघितलेला नसतो आणि तो पहिल्या दिवशीच म्हणणार, साहेब, सागवान लावू. नाही म्हणा. सागवान जड लाकूड, तापल्यावर उघड्या पाठीला चटका देतं. आत हलकं लाकूड लागतं, गाठी आणि राळ नसलेलं. मी थर्मो-पाईन (भट्टीत तापवून राळ घालवलेलं पाईन) पुण्याहून आणलं, बाकासाठी पण तेच. स्क्रू सगळे बाकाच्या खालून मारून घ्या, वरून एक जरी डोकं उघडं राहिलं तर ते बरोबर मांडीला सापडतं. भिंतीत उष्णता अडवायला रॉकवूल (दगडी लोकर), त्याच्यावर आतल्या बाजूनं अॅल्युमिनियम फॉईल, मग थोडी हवेची फट आणि मग फळ्या. थर्माकोल स्वस्त पडतं म्हणून कोणी सुचवलं तर ऐकू नका, सॉनाच्या तापमानाला ते मऊ पडतं. आमचं काम ठरल्यापेक्षा बरंच लांबलं, मध्ये सुताराच्या गावची जत्रा आली, मग लग्नसराई आली, हे धरूनच चाला. पण एकदा झालं की झालं. वर पत्र्याचं उतरतं छप्पर आहे, बाहेरून सिमेंट शीट आहे, मे येतो जातो, मी तिकडं बघत पण नाही.

आणि माणसं मावतात. हुरड्याच्या दिवसात प्लॉटवर पाहुणे येतात, हुरडा, शेंगाचटणी, भाकरी होते आणि मग कोणीतरी म्हणतंच की ते गरम खोलीचं काय ते दाखव की. बॅरलमध्ये चौघं समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात. खोलीत दोन पायऱ्यांवर सात-आठ जण आरामात, ज्याला सोसत नाही तो खालच्या बाकावर, मुरलेले वर.

पाया दोन्हीला लागतो आणि इथं कंजूषी करू नका. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा. नुसत्या मातीवर बॅरलचे पाळणे (खालचे आधार) ठेवले तर वर्षाच्या आत ते एका अंगाला कलतं आणि दार अडकायला लागतं. काळी माती उपसून मुरूम भरून, दाबून, वर प्लिंथ. वाळवीचं औषध पण तेव्हाच मारून घ्या.

आता आत भट्टी कसली, वीज का लाकूड. हे बॅरल-खोलीपेक्षा वेगळं आहे, दोन्हीत दोन्ही बसतं. गावात, शेजारी भिंतीला भिंत असेल तर इलेक्ट्रिकच बरं, नाहीतर शेजारच्या काकूंच्या वाळवणावर धूर जाणार आणि मग सॉना राहील बाजूला. ६ किलोवॅटचा हीटर सिंगल फेजवर साधारण २६ अॅम्पिअर ओढतो, त्याला वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी पाहिजे. त्याच्यापेक्षा मोठा घेतला तर थ्री फेज आलं आणि त्याचा स्थिर आकार जास्त, तो मे महिन्यात पण भरायचा. आणि व्होल्टेजचं गणित एकदा समजून घ्या. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं उतरते, म्हणजे २३० च्या जागी १९० आलं की तुमचा ६ किलोवॅटचा हीटर चारच्या आसपास येतो. आमच्या बाजूला संध्याकाळी, म्हणजे नेमकं बसायच्या वेळेला, व्होल्टेज पडतं, म्हणून मी लाकडाची भट्टी घेतली. वाळलेली बाभूळ इकडं मुबलक, धग चांगली धरते. राख काढावी लागते आणि चिमणीत काजळी साठते ती सीझनच्या आधी झाडून घ्यायची. (सोलापुरात चिमणी म्हटलं की माणसं लगेच सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवर आणि विमानतळावर जातात, विमानांना अडथळा म्हणून २०२३ ला ती पाडल्यापासून तर जास्तच. माझी पत्र्याच्या दोन हात वर आहे, विमानांना काही त्रास नाही.) मेव्हण्याचा इलेक्ट्रिक आहे आणि जुळे सोलापुरात त्याला व्होल्टेजची फारशी तक्रार नाही, हेही सांगून ठेवतो.

इन्फ्रारेडवाल्यांचा (म्हणजे दगडांऐवजी किरणांनी अंग तापवणाऱ्या सॉनावाल्यांचा) पण एक गट आहे. साध्या पंधरा अॅम्पिअरच्या सॉकेटवर चालतं, बिल कमी, सगळं खरं, पण आतलं तापमान पंचेचाळीस ते साठ, दगड नाहीत, पाणी मारायचं नाही, वाफ नाही. चव्वेचाळीस आम्ही उन्हाळ्यात रोज घेतो. शिवाय त्यातली बरीचशी मॉडेल घरात ठेवायचीच असतात, बागेत नाही.

दगड आणि पाणी, दोन्हीकडे सारखंच. हीटरबरोबर दगड येतात तेच वापरा. नंतर बदलताना आपला काळा पाषाण चालतो, पण भरीव, जड, एकसारखा बघून घ्या, बारीक भोकं किंवा आत पांढरे खडे असलेला नको, आणि ओढ्यातले गोटे तर अजिबात नको, आत ओल असेल तर तापल्यावर तडकतात. बोअरचं पाणी दगडांवर मारू नका. आमच्या बोअरचं मारून बघितलंय, दगडांवर पांढरा पापुद्रा चढतो. नळाचं येईल तेव्हा एक कॅन वेगळा भरून ठेवतो, एका सॉनाला लागतं किती, दोन-तीन तांबे.

दार बाहेर उघडणारं, कडी आतून बाहेरून कुठंच नाही, मूठ लाकडाची. बीपी किंवा हार्टचं काही चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि पिऊन आत बसू नका, हुरड्याच्या पाहुण्यांना हे खास सांगावं लागतं.

तर छोटा प्लॉट, भाड्याची किंवा पुढंमागं विकायची जागा, सगळं आठवड्यात उभं पाहिजे, मुख्य म्हणजे वर शेड टाकायची तयारी आहे, असं असेल तर बॅरल घ्या, वाईट नाही. उद्या घर बदललं तर सुटं करून नेता पण येतं, माझी खोली काय उचलून नेता येणार नाही. जागा स्वतःची आहे, दोन-तीन महिने सुताराच्या मागं फिरायचा धीर आहे, तर मी तरी खोलीच सांगेन. आणि बॅरल बघायला जायचं असेल तर थंडीत जाऊ नका, थंडीत सगळीच बॅरलं चांगली असतात. ज्याच्याकडे दोन उन्हाळे काढलेलं बॅरल आहे त्याच्याकडे मेच्या शेवटी भर दुपारी जा, आत जाऊन दार लावा, वर बघा किती ठिकाणी उजेड दिसतो, आणि मग अॅडव्हान्स द्यायचा का ते ठरवा.