बिल्डरूट: डिपेन्डन्सी दोनदा लिहायला लावतो, आणि ते योग्यच आहे

भोसरीत आमची सहा जणांची कंपनी आहे. शीतगृहांत तापमान नोंदवणारी पेटी आम्ही बनवतो. आत छोटा एआरएम बोर्ड, मॉडबसवर (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची एक ठरलेली पद्धत) जोडलेले सेन्सर आणि बिल्डरूटने बांधलेलं लिनक्स. बिल्डरूट म्हणजे अशा छोट्या उपकरणांसाठी हवे तेवढेच प्रोग्राम आणि लायब्ररी, म्हणजे पॅकेजं, निवडून अख्खं लिनक्स बांधून देणारं साधन. चार वर्षं मी हे साधन रोज वापरते आहे. त्याच्या मेन्यूबद्दल, वेगाबद्दल बरंच लिहिलं जातं, म्हणून मी फक्त एका गोष्टीबद्दल लिहिते: आपलं पॅकेज कोणाकोणावर अवलंबून आहे, म्हणजे त्याच्या डिपेन्डन्सी, हे बिल्डरूटला कसं सांगायचं.

ओळख थोडक्यात. यूसीलिबसी ही छोट्या उपकरणांसाठीची सी लायब्ररी बनवणाऱ्या मंडळींनी २००१ साली हा प्रकल्प सुरू केला. २००९ पासून दर तीन महिन्यांनी नवी आवृत्ती येते. मुक्त आहे, पैसे पडत नाहीत.

प्रत्येक पॅकेजच्या दोन फाइली असतात. 'कॉन्फिग डॉट इन' मेन्यूसाठी आणि 'डॉट एमके' प्रत्यक्ष बांधणीसाठी. डिपेन्डन्सी दोन्हीकडे लिहावी लागते. नवीन माणूस इथेच वैतागतो, मीही वैतागले होते. एकच गोष्ट दोनदा कशाला? पण ती एकच गोष्ट नाही. पहिल्या फाइलीतलं 'सिलेक्ट' सांगतं की मला घेतलंत तर ही लायब्ररीही घ्या. दुसऱ्या फाइलीतलं 'डिपेन्डन्सीज' सांगतं की माझ्याआधी तिला बांधा. निवड वेगळी, क्रम वेगळा.

हे मला कळलं ते सेन्सर वाचणाऱ्या आमच्याच वाचक-प्रोग्रामच्या पॅकेजमुळे. मी 'सिलेक्ट' करून लिबमॉडबस ही मॉडबसची लायब्ररी निवडली होती, एमके फाइलीत मात्र तिचं नावच नव्हतं. सात महिने बिल्ड बिनबोभाट होत होतं. मग नव्याने आलेल्या मुलाने कोऱ्या मशीनवर फक्त तेवढं एक पॅकेज बांधायला घेतलं आणि म्हणाला, "ताई, मॉडबसचं हेडरच सापडत नाहीये." माझ्याकडे चालतंय आणि त्याच्याकडे नाही. एक अख्खी दुपार गेली. कारण साधं होतं. बिल्डरूट आपली पॅकेजं वर्णक्रमाने घेतो, आणि आमचं पॅकेज बिल्डरूटच्या बाहेर ठेवलेल्या आमच्या डिरेक्टरीतलं, म्हणजे एक्सटर्नल ट्रीमधलं, त्यामुळे त्याचा नंबर सगळ्यात शेवटी. तोवर लिबमॉडबस आपसूक बांधून झालेली असायची. सात महिने आम्ही नुसत्या योगायोगावर चाललो होतो, आणि त्या काळात माल शीतगृहांत बसतही होता. ते आठवलं की अजून अस्वस्थ होतं.

उलटी चूक बिल्डरूट स्वतः पकडतो. एमके फाइलीत नाव आहे पण मेन्यूत निवड नाही, तर बिल्ड थांबवून कोणत्या पॅकेजने कोणाला न निवडता जोडलं ते स्पष्ट सांगतो. आम्ही केली ती चूक मात्र तो पकडत नाही. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक पॅकेजला स्वतंत्र डिरेक्टरी देणारा पर्याय. तो चालू केला की पॅकेजला फक्त त्याने जाहीर केलेल्या आणि त्यांच्या मागच्या डिपेन्डन्सी दिसतात, शेजारी काय बांधून ठेवलंय ते दिसत नाही. मेन्यूत त्याच्यापुढे अजून 'प्रायोगिक' असं लिहिलेलं असतं, तरी मी म्हणेन, पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. आमच्याकडे चालू केल्यावर आणखी दोन पॅकेजं उघडी पडली.

'सिलेक्ट'चा एक धोका मात्र मनात पक्का बसवायला हवा. ज्याला निवडलं त्याच्या अटी तो पाहत नाही. जेसनसीपीपी या लायब्ररीला सी प्लस प्लस असलेली टूलचेन (कंपायलर आणि त्याच्या जोडीची साधनं) लागते. तुम्ही ती 'सिलेक्ट' केलीत, तर तीच अट 'डिपेन्ड्स ऑन' म्हणून आपल्या पॅकेजवरही लिहावी लागते, नाहीतर सी प्लस प्लस नसलेल्या टूलचेनवरही पॅकेज मेन्यूत दिसतं आणि बांधताना पडतं. शिवाय अट पुरी होत नसेल तेव्हा मेन्यूत दिसेल अशी एक ओळ 'कॉमेंट' म्हणून द्यायची असते. ही ओळ कंटाळवाणी वाटते, पण पॅकेज यादीत का दिसत नाही म्हणून डोकं धरून बसलेल्या माणसाला तीच वाचवते.

ऐच्छिक डिपेन्डन्सीची पद्धत मला सगळ्यात आवडते. ऐच्छिक म्हणजे असली तर वापरायची, नसली तरी चालेल अशी. ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी निवडली असेल तर 'विथ' आणि नसेल तर 'विदाउट', दोन्ही बाजू स्पष्ट लिहायच्या. बांधणीआधी काय काय उपलब्ध आहे ते तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टला स्वतःहून शोधाशोध करू द्यायची नाही.

दोष एक, पण मोठा. एखाद्या लायब्ररीचा पर्याय बदलला तर तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजं आपोआप पुन्हा बांधली जात नाहीत. कोणाला परिणाम झाला हे आपणच ठरवायचं, आणि खात्री नसेल तर सगळं पुसून पहिल्यापासून बांधायचं. मॅन्युअलमध्येही हेच सांगितलंय. योक्टो हे याच कामाचं दुसरं, मोठं साधन इथे नक्कीच पुढे आहे. पण योक्टो शिकायला आमच्यासारख्या सहा जणांकडे वेळ नाही, आणि बिल्डरूटचं सगळं गणित मी मेक फाइली उघडून वाचू शकते, हे मला फार मोलाचं वाटतं.

घेणार असाल तर पहिल्याच आठवड्यात 'मेक ग्राफ डिपेन्ड्स' चालवा, कोण कोणावर अवलंबून आहे त्याचा आलेख मिळतो. त्यासाठी ग्राफव्हिझ हा आलेख काढणारा प्रोग्राम लागेल. आमचा आलेख मी ए-थ्रीवर छापून टेबलासमोर लावलाय, आणि वाचक-प्रोग्रामपासून लिबमॉडबसकडे जाणारा बाण त्यावर लाल पेनाने गिरवलाय.