"परमिट कशाला? हे तर मेन्टेनन्स आहे"

१ सप्टेंबर २०२१ ची रात्र न्यू जर्सीत राहणारं कुणी विसरलं नसेल. आयडा वादळ आमच्यापर्यंत येईतो थकलं होतं म्हणे, पण आमच्या बेसमेंटमध्ये चार इंच पाणी भरेल एवढा दम त्यात उरला होता. भारतातून आणलेल्या पुस्तकांची खोकी खालून फुगून फुटली. विमा कंपनीने फोनवरच सांगितलं की जमिनीतून झिरपलेलं पाणी पॉलिसीत बसत नाही.

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, तर एका काकांनी लगेच नंबर पाठवला. "चांगला माणूस आहे, हिंदी बोलतो." माणूस खरंच गोड बोलणारा होता. बूट दारात काढले, चहा घेतला, भिंतींवर टॉर्च फिरवला. काम असं: चारही भिंतींच्या कडेने जमिनीचा स्लॅब फोडायचा, खडीत छिद्रांचा पाइप टाकायचा, कोपऱ्यात खड्डा करून सम्प पंप, म्हणजे साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, बसवायचा. १६ हजार डॉलर. आज सही केली तर ११,५००. निम्मे आधी, आणि वर आजन्म वॉरंटी.

बायको म्हणाली, "अरे, टाउनशिपला एक फोन तरी करून बघ ना." टाउनशिप म्हणजे इथली नगरपालिका; परमिट तीच देते. मी फोन करायचा सोडून त्या माणसालाच विचारलं, परमिट लागेल का. चोराला चावीबद्दल विचारावं तसं. तो हसला. "साहेब, परमिट काढायला गेलात तर दोन महिने जातील, त्यात पुन्हा पाऊस. हे मेन्टेनन्स आहे, रंगकामासारखं." मला ते ऐकायचंच होतं.

रंगकामाला परमिट लागत नाही हे खरं. पण पंपासाठी विजेच्या पॅनेलमधून नवीन वायर ओढायची तर इलेक्ट्रिकल परमिट लागतं. आमच्या टाउनशिपला स्लॅब फोडण्यासाठी आणि पंपाच्या पाइपासाठीही परमिट हवं होतं. भिंत आत कललेली असेल आणि तिला आधार द्यायचा असेल, तर तो थेट बांधकामाचाच मामला. शिवाय राज्याच्या नियमाप्रमाणे लागणारी परमिटं मिळाल्याची खात्री झाल्याशिवाय कॉन्ट्रॅक्टरने काम सुरू करायचंच नसतं, आणि जिथे तपासणी लागते तिथे इन्स्पेक्शनचे कागद हातात दिल्याशिवाय शेवटचा हप्ता मागायचा नसतो. हे मला नंतर कळलं. ५०० डॉलरवरच्या कामाचा करार लेखी लागतो आणि तो तीन कामाच्या दिवसांत रद्द करता येतो, हेही नंतरच. त्याची माणसं मात्र सहीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सात वाजता ड्रिल घेऊन दारात हजर. एकदा स्लॅब फुटला की करार रद्द कोण करतो?

चार दिवसांत काम संपलं. नवं सिमेंट गुळगुळीत, पंप घुरघुरतोय. मी उरलेले ५,७५० डॉलर दिले आणि वर मिठाईचा डबा. डब्याचं मला अजून जास्त लागतं.

२०२४ मध्ये घर विकायला काढलं. इथे विकणाऱ्याला एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो: बेसमेंटमध्ये पाणी आलं होतं का, काही काम परमिटशिवाय केलं का, त्या मार्चपासून तर पुराचे प्रश्नही सक्तीचे झालेत. मी खरं ते लिहिलं. घेणाऱ्याच्या वकिलाने सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली टाउनशिपकडून आमच्या घराच्या परमिटांची यादी मागवली. वॉटरप्रूफिंगची नोंद शून्य.

मग उलटा प्रवास. झालेल्या कामाचं परमिट मागाहून काढायचं म्हणजे झाकलेलं उघडून दाखवायचं. इन्स्पेक्टरने स्लॅब तीन ठिकाणी फोडायला लावला. पाइप निघाला दोनच भिंतींना. उरलेल्या दोन भिंतींकडे नुसता सिमेंटचा नवा थर! पंपाचं पाणी अंगणात जाण्याऐवजी लाँड्री सिंकच्या नळीतून सांडपाण्याच्या सीवरमध्ये सोडलेलं, ज्याला आमच्याकडे मनाई आहे. कारण उघड आहे: वादळात घरोघरचं पाणी त्यात शिरलं की सीवर तुंबतो आणि कुणाच्या तरी घरात उलटा येतो. वायर तर ड्रायरच्या सर्किटवर टांगलेली. सगळं निस्तरायला आणखी ६,२०० डॉलर गेले. घेणारे तोवर दुसरं घर बघून मोकळे झाले.

जाताना इन्स्पेक्टर बाहेर एक चक्कर मारून आला. छपराच्या पन्हळीचं पाणी नेमकं पायाशीच पडत होतं. घराभोवतीची जमीन पहिल्या १० फुटांत ६ इंच तरी उतरती हवी. आमची उलट घराकडेच उतरत होती. पन्हळीला लांब पाइप जोडा आणि पायाशी माती चढवा, तो म्हणाला, निम्मा त्रास तिथेच संपेल. ते काम आम्ही दोघांनी एका शनिवारी केलं.

कराराच्या मागे बारीक अक्षरात ओळ होती: "आवश्यक परवानग्या घेण्याची जबाबदारी घरमालकाची." करारावरचा कॉन्ट्रॅक्टर नोंदणी क्रमांक राज्याच्या वेबसाइटवर टाकून पाहिला, तो निघाला दुसऱ्याच गावातल्या एका रंगाऱ्याचा. हे तपासायला दोन मिनिटं लागली. तीन वर्षं उशिरा. ग्राहक विभागाकडे तक्रार केली आहे. कायद्यात नुकसानीच्या तिप्पट भरपाई आहे, पण ती वसूल करायला माणूस सापडायला हवा. त्याचा फोन बंद आहे.

परवा मंडळाच्या कार्यक्रमात नंबर देणारे काका भेटले. विचारलं, तुमच्या बेसमेंटचं काम कसं झालंय? म्हणाले, "माझं? अरे, मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. मला तो नंबर कुणीतरी फॉरवर्ड केला होता."