मिश्र मालासाठी एलसीएल: काही महिने वापरून झाल्यावर

कपडे, स्टीलची भांडी, खेळणी, टेबल लॅम्प, उशा, वह्या-पेनं असा सरमिसळ माल मी गेले काही महिने समुद्रमार्गे परदेशात पाठवतेय. अख्खा कंटेनर भरेल एवढा माल माझ्याकडे नसतो, म्हणून एलसीएल (लेस दॅन कंटेनर लोड). म्हणजे फॉरवर्डर, माल पाठवण्याची व्यवस्था करणारा मध्यस्थ, अनेकांचा माल गोळा करून एका कंटेनरात भरतो आणि प्रत्येकाकडून घनमीटरच्या, म्हणजे सीबीएमच्या हिशोबाने पैसे घेतो. त्याआधी हाच माल विमानाने जायचा. सेवा वापरण्यासारखी आहे, मी ती पुढेही वापरणार आहे. पण सगळे ज्या आकड्यावर घासाघीस करतात, त्या सीबीएमच्या दरावरून खरं तर काहीच कळत नाही.

कारण तो दर फक्त बंदर ते बंदर असतो. माल उतरल्यावर कंटेनर गोदामात नेऊन रिकामा करणं, हाताळणी, कागदपत्रं, डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडण्याचा आदेश), मोफत दिवस संपल्यावर साठवणुकीचं भाडं, हे सगळं पलीकडचा एजंट तिकडे माल घेणाऱ्याकडून वसूल करतो. कोटेशनमध्ये समुद्रभाडं जवळपास फुकट दिसलं की मी आता सावध होते. भाड्यात सोडलेले पैसे पलीकडच्या बिलातून काढायचे, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. बिल आपल्याला येत नाही, आपल्या ग्राहकाला येतं, आणि मग त्याचा फोन आपल्याला येतो. पलीकडचे आकार ओळीओळीने लेखी मागितले की फॉरवर्डर लोक कुरकुरतात. जो दोन दिवसांत देतो, त्याच्याकडेच बुकिंग करावं.

आता मोजमाप, कारण मिश्र मालात खरा फायदा-तोटा इथेच आहे. समुद्रमार्गे १ घनमीटर किंवा १००० किलो, यांत जे जास्त भरेल त्यावर आकारणी होते. विमानात १ घनमीटर म्हणजे साधारण १६७ किलो धरतात. त्यामुळे उशा, भुसा भरलेली खेळणी असला हलका-फुगीर माल विमानाने अंगावर येतो आणि जहाजाने परवडतो. जड माल तर जहाजाने परवडतोच. भांडी एकात एक बसवून पाठवली तर जागा वाचते, आणि घनमीटरला १००० किलोच्या आत असेपर्यंत वजनाची चिंता उरत नाही. बहुतेक ठिकाणी किमान आकारणी १ घनमीटरची असते, त्याहून कमी मालासाठी या भानगडीत पडण्यात अर्थ नाही.

माप मात्र गोदामवाला घेतो, आणि तो सर्वांत बाहेर आलेल्या टोकापासून घेतो. १२० बाय १०० सेंटीमीटरचं पॅलेट, उंची १६०: हिशोब १.९२ घनमीटर. पण कार्टन ठासून भरले की फुगतात, स्ट्रेच रॅपमधूनही पोट बाहेर येतं. दोन्ही बाजूंनी तीन-तीन सेंटीमीटर फुगवटा धरला तर तेच पॅलेट २.१४ होतं. एका पॅलेटमागे जवळपास पाव घनमीटर हवा, पैसे भरून. वरचा थर उंचसखल असेल तर 'यावर दुसरा माल ठेवता येत नाही' असा शेरा मारून वरच्या रिकाम्या जागेचेही पैसे लावणारे भेटतात. माझे कार्टन आता पॅलेटच्या कडेपासून थोडे आतच संपतात. कडेबाहेर लोंबणारा कार्टन तसाही लवकर दबतो, कारण पुठ्ठ्याची ताकद उभ्या कडांत आणि कोपऱ्यांत असते.

वेळेबद्दल फार अपेक्षा ठेवू नये. जाहिरातीतले दिवस जहाजाचे असतात, आपल्या मालाचे नव्हे. कट-ऑफच्या (माल घेण्याच्या शेवटच्या वेळेच्या) आधी माल पोचवणं, कंटेनर भरण्याची वाट, मधल्या बंदरात जहाज बदलणं आणि पलीकडे कंटेनर रिकामा करणं, हे सगळं त्यात धरलेलं नसतं. त्यात २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे आशिया-युरोप मार्गावरची बरीच जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, म्हणजे दहा-बारा दिवसांची भर. नकाशावर जहाज शोधायचं व्यसन लागतं, तेही फसवं. जहाज पुढे सरकताना दिसतं आणि आपला कंटेनर मागच्या बंदरात पुढच्या जहाजाची वाट बघत पडलेला असू शकतो. फॉरवर्डर आपल्याला देतो ते हाऊस बिल ऑफ लेडिंग (बीएल), म्हणजे माल मिळाल्याची त्याची स्वतःची पावती. त्याचा नंबर जहाज कंपनीच्या साइटवर चालत नाही. कंटेनर नंबर आणि मास्टर बीएलचा (जहाज कंपनीने फॉरवर्डरला दिलेल्या बीएलचा) नंबर मागून घ्यावा, मग निदान कंटेनर कुठे आहे ते कळतं. माझ्या फॉरवर्डरने तारीख बदलल्याचं स्वतःहून एकदाही कळवलेलं नाही. विचारलं की मात्र लगेच 'हो मॅडम, रिव्हाइज झालीय'.

मिश्र मालाचं घोडं सर्वांत जास्त अडतं ते कागदावर. एकाच प्रकारचा माल असेल तर इनव्हॉइस अर्ध्या पानाचं. माझ्याकडे प्रत्येक वस्तूचा एचएस कोड (कस्टमचा वर्गीकरण क्रमांक) वेगळा. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे प्रत्येक देश आपापले जोडतो. म्हणून पलीकडच्या कस्टम एजंटकडून पूर्ण कोड आधीच घ्यावा. 'घरगुती सामान' असं मोघम लिहिलेलं इनव्हॉइस म्हणजे तपासणीला आवतण. नुसतं 'लॅम्प' न लिहिता 'एलईडी टेबल लॅम्प, प्लास्टिक बॉडी, यूएसबी केबलवर चालणारा, बॅटरी नाही' एवढं लिहिलं की प्रश्न थांबतात. पॅकिंग लिस्ट कार्टननिहाय हवी: कार्टन क्रमांक १७ मध्ये काय, किती, वजन किती. अधिकाऱ्याने एक कार्टन उघडायला सांगितला तर तो एकच उघडला जावा, चाळीस नव्हे.

'बॅटरी नाही' हे शब्द महत्त्वाचे. लिथियम बॅटऱ्या धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडतात. १०० वॅट-अवरपर्यंतच्या बॅटरीला काही सवलती आहेत (२०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ भरते), पण चाचणीचे कागद लागतातच. परफ्यूम आणि स्प्रेचे डबेही धोकादायक मालातच येतात. बरेच एलसीएलवाले असला माल घेतच नाहीत, आणि न सांगता कार्टनमध्ये खुपसणारे महाभाग कंटेनरातल्या सगळ्यांनाच धोक्यात घालतात. एलसीएलचा मूळ दोष हाच आहे: सुक्याबरोबर ओलंही जळतं. तुमचे कागद चोख असले तरी शेजाऱ्याच्या मालात काही निघालं की अख्खा कंटेनर थांबतो. माझा माल असा एकदा अडकून पडला. चूक कुणाची ते कळलं नाही, साठवणुकीचं भाडं मात्र माझ्या वाट्यालाही आलं.

शेजाऱ्याचा आणखी एक प्रसाद म्हणजे वास. सुती कपड्यांच्या एका खेपेला रबराचा असा दर्प बसला होता की ग्राहकाने ते धुऊन मगच विकायला ठेवले. तेव्हापासून कपडे आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत सील, मग कार्टनमध्ये. ओलाव्यालाही तोच उपाय. दिवसा तापलेला कंटेनर रात्री गार पडला की आतली वाफ छताला धरते आणि थेंब थेंब खाली पडते. पूर्ण कंटेनर आपला असता तर आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगता आल्या असत्या. इथे आपला ताबा आपल्या कार्टनपुरताच. लाकडी पॅलेट असेल तर आयएसपीएम १५चा (लाकडातली कीड पसरू नये म्हणूनच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) शिक्का बघून घ्या. त्यात 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याची ती खूण, आणि शिक्क्याचा फोटो जवळ असलेला बरा.

नुकसानभरपाईसाठी बीएलवरची एक ओळ नीट वाचावी. माझ्या ड्राफ्ट बीएलवर '१ पॅलेट' एवढंच आलं होतं. ते बदलून '१ पॅलेट, त्यात ४० कार्टन' करून घेतलं. हेग-व्हिस्बी नियम (समुद्री मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम) लागू असतील तर वाहतूकदाराची जबाबदारी दर नगाला ६६६.६७ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) किंवा दर किलोला २ एसडीआर, यांत जे जास्त त्यावर थांबते, आणि नग किती ते बीएलवरूनच ठरतं. चाळीस नग आणि एक नग यांत केवढा फरक पडतो ते बघा. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना तीन दिवसांत द्यावी लागते, दाव्याची मुदत एक वर्ष. विमा वेगळा हवाच, आणि तोही 'ए' क्लॉजचा, म्हणजे सर्वांत व्यापक संरक्षणाचा. सीआयएफमध्ये (किमतीतच भाडं आणि विमा धरलेल्या सौद्यात) विक्रेत्याला किमान 'सी' क्लॉजच घ्यावा लागतो, ज्यात साधी चोरीही बसत नाही. आणि जनरल ॲव्हरेज नावाची पुराणकाळची चीज अजून जिवंत आहे: जहाज संकटातून वाचवण्याचा खर्च त्यावरच्या सगळ्या मालवाल्यांतही वाटायचा. मार्च २०२१मध्ये एव्हर गिव्हन ही कंटेनर बोट सुएझ कालव्यात सहा दिवस अडकली, मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केलं आणि ज्यांच्या मालाला ओरखडाही गेला नव्हता त्यांनाही हमी द्यावी लागली. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. नसेल तर रोख अनामत भरल्याशिवाय माल सुटत नाही.

पाचपैकी साडेतीन देईन. एक गुण पलीकडच्या बिलासाठी कापला, अर्धा शेजाऱ्यांसाठी. २० फुटी कंटेनरात आतून साधारण ३३ घनमीटर जागा असते, प्रत्यक्षात २६ ते २८ भरते. पण माल पंधराच्या आसपास गेला की एलसीएलचा खर्च बऱ्याचदा अख्ख्या कंटेनरच्या जवळ पोचतो. माझी पुढची खेप तिथवर जाईल असं दिसतंय, म्हणून या वेळी दोन्हीची कोटेशनं मागवली आहेत, पलीकडच्या आकारांसकट.