नायलॉक नट: सायकलवर काही महिने वापरल्यानंतर

सायकलच्या कॅरिअरचे, मडगार्डच्या तारांचे आणि स्टँडचे साधे नट काढून सगळीकडे नायलॉक नट बसवले, त्याला आता बरेच महिने झाले. मी समाधानी आहे, पण हा नट नेमकं काय करतो ते कळल्यावरच त्याची किंमत कळते.

नायलॉक म्हणजे षटकोनी नटच, फक्त वरच्या तोंडाशी नायलॉनची कडी दाबून बसवलेली. या कडीला आटे नसतात आणि तिचं भोक बोल्टच्या जाडीपेक्षा किंचित लहान असतं. बोल्ट आत शिरताना नायलॉन दबतं आणि त्याला घट्ट धरून बसतं. त्यामुळे नट आधी बोटांनी सरसर फिरतो आणि कडी लागली की अडतो. तिथून पुढे पानाच लागतो. एम ६ म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टच्या नटाला १० मिलिमीटरचा, एम ८ ला १३ चा. बोल्टचं डोकं दुसऱ्या पान्याने धरावं लागतं आणि मडगार्डखालच्या अरुंद जागेत ते फार जिकिरीचं आहे.

आधी तिथे स्प्रिंग वॉशर, म्हणजे एका जागी कापलेल्या, किंचित पिळलेल्या चकत्या होत्या. पूर्ण आवळल्यावर त्या सपाट होतात, मग साध्या वॉशरहून फारसं वेगळं काही करत नाहीत. मडगार्डचे नट सारखे आवळत बसावं लागायचं, ते आता बंद झालं.

तरी एक गोष्ट नीट समजून घ्या. जोड घट्ट राहतो तो आवळताना बोल्टमध्ये आलेल्या ताणामुळे. तो ताण गेला तर जोड खुळखुळणारच. नायलॉक फक्त नट गळून पडू देत नाही. म्हणूनच त्याची खरी कमाल स्टँडच्या बिजागरीत दिसते. तिथे नट पूर्ण आवळला तर स्टँड हलत नाही आणि सैल ठेवला तर साधा नट फिरत फिरत निघून जातो. नायलॉक हवा तेवढा सैल ठेवला, तो अजून तिथेच आहे. अशा हलत्या जोडासाठी मी दुसरं काही सुचवणार नाही.

बोल्टची लांबी मात्र पाहून घ्या. कडीच्या बाहेर एक-दोन आटे दिसलेच पाहिजेत, नाहीतर नायलॉनची पकड अर्धवट राहते. काढलेला नट परत लावताना कडीतूनही बोटांनी फिरला तर तो टाकून द्या. मोटरसायकलवर वापरणार असाल तर सायलेन्सर किंवा इंजिनाजवळ हा नट नको. साधारण १२० अंश सेल्सिअसच्या वर नायलॉन टिकत नाही, तिथे पूर्ण धातूचा लॉकनट घ्यावा. बोल्ट आणि नट दोन्ही स्टेनलेसचे असतील तर आट्यांना थोडं ग्रीस लावून सावकाश आवळा, भराभर फिरवले तर आटे एकमेकांत जाम होतात.