काळ्या पाटीची गाडी घेऊन घाटावर

चवथीच्या आधीच्या आठवड्यात तीन दिवसांची सुट्टी जुळून आली, पण आमची स्वतःची गाडी गॅरेजात अडकून पडली होती. बेत मात्र आप्पांनी महिनाभर आधीच ठरवून ठेवलेला होता. साखळी, केरीवरून चोर्ला घाट चढून बेळगाव गाठायचे, दुसऱ्या दिवशी गोकाकचा धबधबा पाहायचा आणि तिसऱ्या दिवशी आंबोली उतरून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी असे परतायचे. म्हणून म्हापशातील एका व्यावसायिकाकडून लहान पेट्रोल गाडी तीन दिवसांसाठी भाड्याने घेतली. भाडे दिवसाला १८०० रुपये आणि अनामत ५००० रुपये. नाव लिहीत नाही, कारण माझा अनुभव एकाच गाडीचा आहे आणि तो संपूर्ण वाईटही नाही.

सुरुवात चांगली झाली. गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे, म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा रीतसर परवाना होता. गोव्यात पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाड्या दोनशे-तीनशे रुपये कमी घेऊन सर्रास दिल्या जातात, पण तो व्यवहार बेकायदेशीर आहे आणि अपघात झाल्यास विम्याच्या वेळी भाडेकरूच उघडा पडतो. येथे विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि शेजारच्या दोन्ही राज्यांत गाडी नेण्याची कागदपत्रे प्लास्टिकच्या एका पाकिटात नीट लावलेली होती. कर्नाटकाच्या हद्दीत पोलिसांनी गाडी थांबवली, पाकीट उघडून पाहिले आणि दोन मिनिटांत सोडले.

टायरही समाधानकारक होते. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते आणि ती मर्यादा दाखवणारे छोटे उंचवटे टायरच्या खाचांत असतात. चारही चाकांची नक्षी त्यांच्यापेक्षा बरीच वर होती. इंजिनाबद्दल तर तक्रारच नाही. अंजुणे धरण मागे पडल्यावर रस्ता वळणे घेत म्हादई अभयारण्याच्या रानातून चढू लागतो, तेथे तिघांना आणि सामानाला घेऊन ही गाडी दुसऱ्या गिअरवर न कुरकुरता वर आली.

वर पोहोचलो आणि धुके उतरले. वायपरचा पहिला फटका बसला तेव्हा माझ्या नेमक्या डोळ्यांसमोर हातभर रुंदीचा दुधाळ पट्टा उमटला, दुसऱ्या फटक्याने तो पुसण्याऐवजी आणखी पसरला. सहा महिने उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे वायपरचे रबर कडक होते, कडेने चिरते आणि पाणी ओढण्याऐवजी काचेवर सारवत बसते. कळंगुट ते बागा फिरणाऱ्या पर्यटकाला हे जाणवणार नाही, पण एका बाजूला सुर्लाची दरी असताना त्या पट्ट्यातून समोरच्या ट्रकचे दिवे शोधणे हा निराळाच प्रकार असतो. वज्र धबधब्याचा कडा पाहण्यासाठी आम्ही थांबलो खरे, पण दिसले ते फक्त पांढरे. आवाज मात्र दरीतून स्पष्ट येत होता.

कणकुंबीला माउलीच्या देवळात गेलो. मलप्रभा येथे उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेला मिळायला निघते. म्हादईही याच खानापूर तालुक्यातली, पण ती पश्चिमेला, आपल्याकडे वळते. पाणीतंट्याच्या बातम्या वाचून वाचून आप्पांची या भागाबद्दल पक्की मते झालेली आहेत आणि ती जांबोटीपर्यंत पुरली.

जांबोटीच्या अलीकडे मागचे डावे चाक बसले. गाडी घेताना मी दुकानातील मुलाला स्टेपनीबद्दल विचारले होते आणि त्याने, ‘आहे ना काका, सगळे आहे,’ असे सांगितले होते. स्टेपनी होती, पण तिच्यात हवा जेमतेम अर्धी होती. जॅकही होता, पण तो फिरवायचा दांडा नव्हता. गाडीच्या काचेवर चोवीस तास मदतीचा क्रमांक ठळक अक्षरांत चिकटवलेला होता, पण त्या पट्ट्यात मोबाईलला रेंजच नव्हती. शेवटी एका दूधवाल्याने दुचाकीवरून पंक्चरवाल्याला निरोप पोहोचवला. पंक्चरवाल्याने चाक बदलून दिले आणि पैसे घेताना गाडीचा पुढचा भाग न्याहाळून म्हणाला, ‘काका, परत आंबोलीने उतरणार ना? मग ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ही गाडी तुमची नाही.’ बेळगाव जवळ आल्यावर फोन लागला. व्यावसायिकाने दुसऱ्याच घंटीला उचलला, बिलाचा फोटो मागवला आणि ३५० रुपये संध्याकाळपर्यंत परत पाठवले. हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे.

गोकाकचा दिवस गाडीच्या दृष्टीने निर्वेध गेला, कारण रस्ता सपाट आणि रुंद आहे. घटप्रभा वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, खाली खोल घळ आणि वर झुलता पूल. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचे होते. याच धबधब्यावर १८८७ साली वीज निर्माण केली गेली, हे आप्पांनी तेथे आलेल्या दोन अनोळखी कुटुंबांनाही ऐकवले. येताना करदंट ही गोकाकची मिठाई घेतली.

तिसऱ्या दिवशी आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी गेलो. गुहेतून निघणारे हे पाणी पुढे घटप्रभेला मिळते, म्हणजे आदल्या दिवशी गोकाकला कड्यावरून पडताना पाहिलेल्या पाण्यात त्याचाही वाटा होता. कावळेसादला वारा इतका होता की दरीत पडणारा प्रवाह उलटा वर येऊन अंगावर शिंपडत होता. आप्पा कठड्याला धरून दहा मिनिटे तसेच भिजत उभे राहिले.

मग उतार. पंक्चरवाल्याचे म्हणणे मी पाळले. ज्या गिअरवर हा घाट चढला असता, त्याच गिअरवर गाडी उतरवली, म्हणजे वेग इंजिनच आवरून धरते आणि ब्रेक फक्त वळणाच्या तोंडाशी लागतात. सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापतात आणि तापले की पकड सोडतात. दाणोलीत थांबून चाकांजवळ वाकून पाहिले, जळका वास नव्हता. ब्रेकना मी पूर्ण गुण देतो. येथे गाडीने वायपरची उणीव बरीचशी भरून काढली.

परत देताना बंपरवरील ओरखड्यासाठी ५०० रुपये कापतो असे सांगण्यात आले. गाडी ताब्यात घेतानाच मी चहूबाजूंनी फिरून चित्रफीत काढली होती, तिच्यात तो ओरखडा दिसत होता. ती दाखवताच वाद न घालता अनामत पूर्ण मिळाली. वायपर बदलतो असे मालक म्हणाले. जॅकच्या दांड्याचे काय, असे मी विचारले, तेव्हा त्या मुलाने शेजारी उभ्या असलेल्या गाडीची डिकी उघडली, तिच्यातला दांडा काढला आणि आमच्या गाडीत टाकला. ती दुसरी गाडी घेण्यासाठी एक जोडपे बॅगा घेऊन दारातच उभे होते.