जपानच्या नवव्या कलमावरील तीन चित्रपट : कोणता निवडावा?

जपानने आपले शांततावादी संविधान आहे तसे ठेवावे की बदलावे, हा वाद चित्रपटाच्या माध्यमातून समजून घेऊ इच्छिणाऱ्या प्रेक्षकासमोर तीन विचारार्ह पर्याय आहेत. जॉन जंकरमन या टोकियोनिवासी अमेरिकी दिग्दर्शकाचा २००५ सालचा माहितीपट ‘एइगा निहोनकोकु केम्पो’, युताका ओसावा यांचा २००७ सालचा कथापट ‘निहोन नो आओझोरा’ आणि जुनिची इनोउए यांचा २०१९ सालचा माहितीपट ‘तागातामे नि केम्पो वा आरु’ हे ते तीन चित्रपट होत. तिन्हींचा कल एकाच बाजूला, म्हणजे युद्धत्यागाचे नववे कलम टिकावे या बाजूला आहे, हे आधीच सांगितलेले बरे. त्यामुळे निःपक्षपातीपणाच्या निकषावर निवड करू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. दुरुस्तीवाद्यांच्या कोणत्या आक्षेपाला कोणता चित्रपट भिडतो आणि कोणता आक्षेप तो टाळतो, हे पाहून निवड करणे अधिक उपयोगाचे आहे.

त्यासाठी वादाचे स्वरूप थोडक्यात ध्यानात घ्यावे लागते. जपानचे संविधान ३ नोव्हेंबर १९४६ रोजी जाहीर झाले आणि ३ मे १९४७ पासून अमलात आले. त्याच्या नवव्या कलमाच्या पहिल्या परिच्छेदात आंतरराष्ट्रीय तंटे सोडवण्याचे साधन म्हणून युद्धाचा आणि बळाच्या वापराचा कायमचा त्याग केलेला आहे, तर दुसऱ्या परिच्छेदात भूदल, नौदल, हवाई दल किंवा अन्य युद्धसामर्थ्य बाळगले जाणार नाही, असे म्हटले आहे. तेव्हापासून या संविधानातील एकही शब्द बदललेला नाही. शंभराहून अधिक घटनादुरुस्त्या झालेल्या देशातील वाचकाला हे नवल वाटेल. परंतु तेथे दुरुस्तीसाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांनी प्रस्ताव मंजूर होऊन नंतर सार्वमतातही बहुमत मिळावे लागते आणि प्रकरण आजवर सार्वमतापर्यंत पोहोचलेलेच नाही. शब्द तेच राहिले, परिस्थिती मात्र बदलत गेली. कोरियन युद्ध सुरू होताच १९५० मध्ये पंचाहत्तर हजारांचे राखीव पोलीस दल उभे राहिले आणि त्याचेच १९५४ मध्ये स्वसंरक्षण दलात रूपांतर झाले. १ जुलै २०१४ रोजी शिंझो आबे यांच्या मंत्रिमंडळाने कलमाचा नवा अर्थ लावून सामूहिक स्वसंरक्षणाचा, म्हणजे मित्रदेशावर हल्ला झाल्यास त्याच्या बचावासाठी बळ वापरण्याचा, मर्यादित अधिकार मान्य केला, सप्टेंबर २०१५ मध्ये त्यानुसार कायदे झाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये प्रतिहल्ल्याची क्षमता उभारण्याचे व २०२७ पर्यंत संरक्षण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दोन टक्क्यांपर्यंत नेण्याचे धोरण जाहीर झाले.

दुरुस्तीच्या बाजूचे, म्हणजे ‘काईकेन’ मताचे लोक मुख्यतः तीन आक्षेप घेतात. पहिला असा की, हे संविधान पराभूत देशावर लादलेले आहे : युद्धानंतर जपानचा ताबा घेतलेल्या दोस्त फौजांचे प्रमुख, अमेरिकी जनरल मॅकार्थर यांच्या मुख्यालयातील अधिकाऱ्यांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये जेमतेम आठवड्याभरात मसुदा तयार केला आणि १३ फेब्रुवारीला तो जपानी मंत्र्यांच्या हाती ठेवला. दुसरा असा की, दोन लाखांहून अधिक सैनिकांचे दल असताना युद्धसामर्थ्य बाळगणार नाही असे लिहून ठेवणे म्हणजे मूलभूत कायद्याची थट्टा आहे. तिसरा असा की, उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रे आणि चीनची वाढती नौदलशक्ती पाहता हे बंधन परवडणारे नाही. या तिन्हींत तथ्यांश आहे आणि ‘गोकेन’, म्हणजे संविधानरक्षणाच्या बाजूच्या चित्रपटाची कसोटी त्यांच्यावरच लागली पाहिजे.

जंकरमन यांचा माहितीपट अवघ्या ७८ मिनिटांचा असूनही तिघांमध्ये सर्वांत व्यापक आहे. जपानी स्वसंरक्षण दलाची तुकडी २००४ मध्ये इराकमधील समावा येथे गेली, त्यानंतर वर्षभराने, युद्धसमाप्तीला साठ वर्षे होत असताना तो प्रदर्शित झाला. त्याची रचना साधी आहे : एकामागून एक मुलाखती आणि त्यांच्या जोडीला जुनी दृश्ये. मात्र मुलाखतींसाठी निवडलेली माणसे पाहिली की दिग्दर्शकाचा डाव लक्षात येतो. इतिहासकार जॉन डावर, राजकीय अभ्यासक चाल्मर्स जॉन्सन, नोआम चॉम्स्की आणि समाजशास्त्रज्ञ रोकुरो हिदाका ही नावे अपेक्षितच म्हणावी लागतील. परंतु त्यांच्याबरोबर दक्षिण कोरियाचे इतिहासकार कांग मान-गिल आणि हान होंग-कू, युद्धकाळात लैंगिक गुलामगिरीत ढकलल्या गेलेल्या स्त्रियांसाठी लढणाऱ्या शिन हेसू, चिनी चित्रपटकार बान झोंगयी, सीरियाचे लेखक मिशेल किलो आणि लेबनॉनचे पत्रकार जोसेफ समाहा हेही येथे बोलतात. जपानच्या संविधानाविषयी जपानबाहेरच्या माणसांना विचारण्याची ही कल्पनाच चित्रपटाचे खरे बलस्थान आहे. नववे कलम म्हणजे जपानने आशियाकडे मागितलेली माफी होय आणि ते मागे घेणे म्हणजे ती माफी मागे घेणे होय, हा जॉन्सन यांचा मुद्दा कोरियन आणि चिनी साक्षींच्या शेजारी ठेवला की त्याला जे वजन येते, ते केवळ कायद्याच्या चर्चेत येत नाही. जपानने कधीही व्यवस्थित माफी मागितली नाही अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांच्याच तोंडून या कलमाचे महत्त्व ऐकायला मिळते.

मॅकार्थर यांच्या मुख्यालयात मसुदा तयार करताना मानवी अधिकारांच्या समितीवर काम केलेल्या बेआते सिरोता गॉर्डन यांची मुलाखत हा या चित्रपटातील आणखी एक मोलाचा भाग आहे. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि वडील पियानोशिक्षक म्हणून टोकियोत असल्यामुळे तेथेच वाढलेल्या सिरोता १९४६ मध्ये बावीस वर्षांच्या होत्या. विवाहात स्त्री-पुरुषांना समान हक्क देणाऱ्या चोविसाव्या कलमामागे त्यांचे श्रम आहेत. ‘लादलेले’ या शब्दाने नेमके कोणावर काय लादले गेले, असा प्रश्न त्यांच्या आठवणी ऐकताना पडल्याशिवाय राहत नाही, कारण मंत्रिमंडळाला नकोसा असलेला हा मजकूर जपानी स्त्रियांना नकोसा असण्याचे काहीच कारण नव्हते.

उणीवही तितकीच ठळक आहे. एवढ्या मोठ्या यादीत दुरुस्तीचा खंबीर पुरस्कर्ता एकही नाही. ज्यांचे म्हणणे खोडून काढायचे, त्यांना निदान दहा मिनिटे द्यायला हरकत नव्हती. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या आक्षेपाला, म्हणजे मजकूर व वास्तव यांतील विसंगतीला आणि सुरक्षेच्या प्रश्नाला, येथे पुरेसे उत्तर मिळत नाही. इराक युद्धाच्या चुकीतून अमेरिकेवर अविश्वास निर्माण करणे आणि शेजारच्या क्षेपणास्त्रांचे काय करायचे ते सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय २०१४ नंतरच्या घडामोडी येथे नाहीत. कलमाला हात न लावता त्याचा अर्थ बदलता येतो, हे या चित्रपटानंतर नऊ वर्षांनी सिद्ध झाले. ‘बदलावे की न बदलावे’ हा प्रश्नच त्यामुळे थोडा जुना वाटतो.

ओसावा यांचा ‘निहोन नो आओझोरा’ पहिल्या आक्षेपाला थेट सामोरा जातो आणि तेवढ्यापुरता तिघांत सर्वांत धारदार आहे. मासिकाच्या संपादकीय विभागात कंत्राटी काम करणारी एक तरुणी संविधानावरील विशेषांकासाठी माहिती गोळा करू लागते आणि तिला यासुझो सुझुकी या विस्मृतीत गेलेल्या संविधान-अभ्यासकाचा शोध लागतो, अशी त्याची चौकट आहे. वर्तमानातील हा धागा काहीसा शाळकरी वठला आहे. पात्रे एकमेकांना जी माहिती देतात, ती खरे तर प्रेक्षकाला दिलेली असते. परंतु १९४० च्या दशकातील भाग मात्र पाहण्यासारखा आहे. सुझुकी हे काल्पनिक पात्र नव्हे. क्योतो साम्राज्य विद्यापीठात शिकत असताना १९२६ मध्ये त्यांना शांतता संरक्षण कायद्याखाली, म्हणजे राजकीय विरोध दडपणाऱ्या कायद्याखाली, अटक झाली होती. पुढे त्यांनी एकोणिसाव्या शतकातील लोकहक्क चळवळीने तयार केलेल्या खासगी संविधान-मसुद्यांचा, विशेषतः एमोरी उएकी यांच्या लेखनाचा, आयुष्यभर अभ्यास केला. पराभवानंतर त्यांनी इवासाबुरो ताकानो, तात्सुओ मोरितो प्रभृतींसह संविधान संशोधन मंडळ काढले. डिसेंबर १९४५ च्या अखेरीस या मंडळाने आपला मसुदा सरकारला आणि मॅकार्थर यांच्या मुख्यालयाला सादर केला. सार्वभौमत्व जनतेचे आणि सम्राट केवळ समारंभापुरता, अशी त्याची मांडणी होती. मुख्यालयातील मायलो राउएल या अधिकाऱ्याने जानेवारी १९४६ मध्ये त्यावर अनुकूल टिपण लिहिले. त्याच वेळी सरकारने नेमलेली मात्सुमोतो समिती मात्र १८८९ च्या मेइजी संविधानाला किरकोळ ठिगळे लावण्यापलीकडे जायला तयार नव्हती.

हा इतिहास समोर आला की लादलेल्या संविधानाची कहाणी तितकीशी सरळ उरत नाही आणि हे ओसावा यांचे निःसंशय यश आहे. येथेच एक सावधगिरीची सूचना देणे मला आवश्यक वाटते. सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मसुद्यात जनतेचे सार्वभौमत्व आहे, मूलभूत हक्क आहेत, पण सैन्याविषयी कोणतीही तरतूद नाही. युद्धत्यागाचे कलमही त्यात नाही. म्हणजे संविधानाच्या बऱ्याच मोठ्या भागाची मुळे जपानी भूमीत होती, असे हा चित्रपट दाखवून देतो, तरी नववे कलम कोठून आले, हा प्रश्न त्याने सुटत नाही. पंतप्रधान किजुरो शिदेहारा यांनी २४ जानेवारी १९४६ च्या भेटीत ती कल्पना आपल्यासमोर मांडली, असे मॅकार्थर यांनी नंतर सांगितले. त्यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. चित्रपट पाहून झाल्यावर संपूर्ण संविधानाला लागू पडणारा पुरावा नवव्या कलमालाही आपोआप लागू पडतो, असा समज होऊ शकतो. तो टाळला पाहिजे.

इनोउए यांचा चित्रपट वादविवादाच्या अर्थाने सर्वांत कमी आणि भावनेच्या अर्थाने सर्वांत अधिक देतो. हिरो मात्सुमोतो या विनोदी कलावंताने रचलेल्या ‘केम्पो-कुन’ या एकपात्री प्रयोगात संविधान स्वतःच माणूस होऊन बोलते, आपल्याला आता काढून टाकणार अशी कुणकुण त्याच्या कानी आलेली असते. चित्रपटात हा प्रयोग ऐंशी ओलांडलेल्या मिसाको वातानाबे या ज्येष्ठ अभिनेत्री सादर करतात आणि प्रास्ताविकाचे शब्द त्यांच्या तोंडून येतात, तेव्हा ते कायद्याच्या पुस्तकातील वाटत नाहीत. चित्रपटाचा उरलेला मोठा भाग वातानाबे आणि त्यांच्या समवयस्क अभिनेत्री अणुबाँबग्रस्त मुलांच्या व मातांच्या लेखनाचे जे अभिवाचन वर्षानुवर्षे गावोगाव करत आल्या, त्याला दिलेला आहे. आबे यांनी ३ मे २०१७ रोजी स्वसंरक्षण दलाचा उल्लेख संविधानात घालण्याचा प्रस्ताव मांडल्यानंतरचा हा चित्रपट असल्याने त्यातील अस्वस्थता ताजी आहे. तथापि, ज्याला नववे कलम काय आहे हेच ठाऊक नाही, त्याने येथून सुरुवात करू नये. हिरोशिमाच्या वेदनेतून संविधानाविषयीचा जिव्हाळा कसा निर्माण झाला, ते येथे कळते. त्या जिव्हाळ्यातून आजच्या संरक्षणधोरणाविषयी काय निष्कर्ष काढावा, हे कळत नाही. जपानने इतरांना दिलेल्या वेदनेला येथे फार थोडी जागा आहे, हीदेखील जंकरमन यांच्या चित्रपटानंतर जाणवणारी बाब आहे.

एकच चित्रपट पाहायचा असल्यास मी जंकरमन यांचा सुचवेन. त्यातील बऱ्याच मुलाखती इंग्रजीत असल्याने जपानी न येणाऱ्यालाही जवळचा वाटतो आणि मुख्य म्हणजे जपानचे संविधान हा केवळ जपानचा प्रश्न नाही, हे तो दाखवून देतो. दुसऱ्याने लिहिलेले संविधान स्वतःचे कसे म्हणायचे, या आक्षेपापाशी जो अडला आहे, त्याने मात्र सरळ ‘निहोन नो आओझोरा’ निवडावा. जवळजवळ तीन वर्षे चाललेल्या आपल्या संविधान सभेच्या इतिहासाशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला हा आक्षेप स्वाभाविकपणे पटतो, म्हणून हा सल्ला कदाचित येथे अनेकांना लागू पडेल. पुण्यात किंवा अन्यत्र जपानी शिकणाऱ्यांना १९४० च्या दशकातील औपचारिक आणि कायद्याची भाषा जड जाईल. त्यांना ‘केम्पो-कुन’चे बोलणे त्या मानाने सोपे जाईल आणि भाषेच्या दृष्टीने अधिक आनंदही देईल. इतिहास आधीच वाचलेल्या आणि जपानमधील सामान्य वृद्ध माणसे या मजकुराला एवढी का जपतात, हे जाणू इच्छिणाऱ्या प्रेक्षकासाठीही इनोउए यांचाच चित्रपट योग्य होय.

जो खरोखरच कोणत्याही बाजूला झुकलेला नाही आणि ज्याला निर्णय घ्यायचा आहे, त्याचे या तिन्हींपैकी एकानेही पूर्ण समाधान होणार नाही. एखाद्या महाविद्यालयात किंवा चित्रपट मंडळात चर्चेसाठी प्रयोग ठेवायचा असल्यास जंकरमन यांच्या चित्रपटाला जोडून दोन मजकूर आधीच वाटावेत : सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचा २०१२ सालचा संविधान-मसुदा, ज्यात स्वसंरक्षण दलाच्या जागी राष्ट्रीय संरक्षण सेना येते, आणि आबे यांचा २०१७ चा प्रस्ताव, ज्यात विद्यमान दोन्ही परिच्छेद कायम ठेवून दलाचा केवळ उल्लेख वाढवलेला आहे. या दोहोंतील अंतर बरेच मोठे आहे आणि दुरुस्तीला विरोध करणाऱ्याने आपला विरोध नेमका कशाला आहे, ते सांगण्याची वेळ तेथे येते. चर्चेत ‘काईकेन’ची बाजू कोणी तरी तयारीनिशी मांडावी, अशी जबाबदारी आधीच सोपवून ठेवावी आणि त्या वक्त्याला चित्रपटानंतर पहिले बोलू द्यावे.